तुगेला फेरीचे सोळा दिवस

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात तुगेला नदीच्या काठी तुगेला फेरी नावाचे एक लहान गाव आहे. स्कॉटिश मिशनने उभारलेले आणि पुढे सरकारकडे गेलेले एक रुग्णालय तेथे आहे. २००५ साली तेथील डॉक्टरांपुढे एक कोडे उभे राहिले. एचआयव्हीवरील औषधे मिळू लागलेले, शरीरातील विषाणू आटोक्यात येऊ लागलेले काही रुग्ण क्षयाने भराभर दगावत होते. क्षयाची नेहमीची औषधे त्यांना चालू होती. मग त्यांच्या थुंकीचे नमुने तपासणीसाठी पाठविण्यात आले आणि जानेवारी २००५ ते मार्च २००६ ह्या काळात आसपासच्या १५३९ रुग्णांची तपासणी झाली. ५४२ जणांच्या थुंकीत क्षयाचे जंतू वाढले. त्यांपैकी २२१ जणांचा क्षय आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन ह्या दोन मुख्य औषधांना दाद देत नव्हता. आणि ५३ जणांच्या बाबतीत त्याही पुढची, दुसऱ्या फळीची औषधेसुद्धा निरुपयोगी ठरली होती. ह्या ५३ पैकी ५२ मरण पावले. मृत्यूची तारीख ज्यांच्याबाबत निश्चित कळली त्यांतले निम्मे थुंकीचा नमुना दिल्यापासून सोळा दिवसांच्या आतच गेले. ४४ जणांची एचआयव्ही चाचणी झालेली होती. त्या सर्वांना लागण होती.

ही आकडेवारी २००६ च्या ऑगस्टमध्ये टोरोंटोच्या एड्स परिषदेत मांडली गेली आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी 'महाभयंकर जंतू' असा गजर केला. जंतूचे नाव झाले, रुग्णांची दोन दिवस कीव झाली, आणि त्या अहवालातील खरोखर महत्त्वाचे दोन आकडे मात्र मागे राहिले. ज्यांचा पूर्वेतिहास मिळाला अशा ४७ पैकी २६ रुग्णांनी त्यापूर्वी क्षयाचे औषध कधीच घेतलेले नव्हते. आणि ४२ पैकी २८ रुग्ण नजीकच्या काळात कोणत्या ना कोणत्या कारणाने रुग्णालयात राहून आलेले होते.

ह्याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाबद्दल सर्वसामान्य समज असा आहे, आणि कित्येक डॉक्टरांचाही तो असतो, की रुग्ण औषध अर्धवट सोडतो, अशिक्षित असतो, दारू पितो, म्हणून जंतू निर्ढावतात. दोष रुग्णाचा. पण ज्याने औषध कधी घेतलेच नाही त्याने ते अर्धवट सोडले असे कसे म्हणावयाचे? ह्या माणसांना निर्ढावलेला जंतूच मुळात श्वासातून मिळाला होता. आणि बहुतेकांना तो मिळण्याचे ठिकाण रुग्णालयाचा गच्च भरलेला वॉर्ड हेच असावे. ४६ नमुन्यांपैकी ३९ नमुन्यांतले जंतू अनुवंशाच्या दृष्टीने एकाच कुळातले निघाले. मृतांमध्ये दोन आरोग्य कर्मचारीही होते. पुढे २०११ ते २०१४ ह्या काळात त्याच प्रांतातील अशा ४०४ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील ६९ टक्के लोकांनी पूर्वी प्रतिरोधी क्षयाचे उपचार कधीच घेतले नव्हते, आणि ७७ टक्के लोकांना एचआयव्हीची लागण होती. रुग्णाच्या बेफिकिरीचा सिद्धान्त ह्या आकड्यांपुढे टिकत नाही.

दोन रोग एकत्र आल्यावर शरीरात काय घडते, हे थोडक्यात सांगता येईल. क्षयाचा जंतू जगातील कोट्यवधी लोकांच्या शरीरात निद्रिस्त पडून असतो. शरीरातील संरक्षक पेशी त्याच्याभोवती कोट उभा करतात. म्हणून लागण झालेल्या शंभरांतील पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. एचआयव्ही नेमका त्या संरक्षक पेशींवर घाला घालतो आणि कोट ढासळतो. शिवाय अशा रुग्णाच्या फुप्फुसात पोकळ्या कमी पडतात, थुंकीत जंतू थोडे येतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालची शंभर वर्षांपूर्वीची तपासणी 'क्षय नाही' असे सांगून मोकळी होते. जंतू वाढवून, कोणते औषध लागू पडते ते पाहण्याची पद्धत भरवशाची, पण तिला कित्येक आठवडे लागतात. तुगेला फेरीत सोळा दिवसांचा अवधी होता. अहवाल हाती येई तेव्हा रुग्णाचे दफन झालेले असे.

पण हे दोन रोग ह्याच प्रदेशात, ह्याच लोकांमध्ये इतक्या प्रमाणात का एकत्र आले? येथे वैद्यकशास्त्राची हद्द संपते आणि अर्थशास्त्राची सुरू होते.

तुगेला फेरी ज्या म्सिंगा भागात आहे तो गोऱ्या राजवटीने झुलू लोकांसाठी राखून ठेवलेल्या, नापीक जमिनीचा भाग. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी जनतेला देशाच्या जमिनीचा सात टक्क्यांच्या आसपास तुकडा ठेवला. १९३६ साली तो तेरा टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आला. जमीन गेल्यावर पोट भरण्यासाठी पुरुषांना एकच वाट उरली, आणि ती जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींकडे जात होती. खाणमालकांना हवी होती ती हीच व्यवस्था. कामगार कंत्राटावर यावा, एकट्याने यावे, बराकीत राहावे, कंत्राट संपले की परत जावे. बायको, मुले, म्हातारपण आणि आजारपण हे सगळे गावाकडे. मनिऑर्डरवर जगणारे गाव कसे असते हे मराठी वाचकाला समजावून सांगावयास नको. पण तेथे कुटुंबाला शहरात आणण्याला कायद्याचीच बंदी होती.

खाणीच्या खोलात सिलिकाची धूळ असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षय सहज घर करतो. बराकीत दहा-वीस माणसे एका खोलीत झोपत. घरापासून वर्ष वर्ष दूर ठेवलेल्या तरुण पुरुषांच्या वस्त्यांभोवती वेश्याव्यवसाय वाढला आणि १९९० नंतर त्याच वाटेने एचआयव्ही आला. दक्षिण आफ्रिकेच्या सुवर्णखाणींतील कामगारांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सिलिकोसिस आणि एचआयव्ही ह्या दोहोंमुळे वाढणाऱ्या क्षयाच्या धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, असे त्यात दिसून आले. एकाने धोका तिप्पट आणि दुसऱ्याने पाचपट होत असेल, तर दोन्ही असलेल्याचा धोका पंधरापट. अंगी हा गुणाकार घेऊन कामगार गावी परते, आणि खाणीच्या हिशेबवहीतून त्याचे नाव कमी होई. सोन्याच्या उत्पादनखर्चात त्याचा खोकला कधी धरला गेला नाही. तो खर्च म्सिंगाच्या झोपडीने आणि सरकारी दवाखान्याने सोसला. उत्पादनाचा सामाजिक खर्च दुसऱ्याच्या गळ्यात बांधून नफा स्वतःकडे ठेवण्याचे ह्याहून उघडेवाघडे उदाहरण सापडणे अवघड आहे.

ह्या हिशेबाची एक नोंद उशिराने का होईना झाली. खाणकामगारांनी सामूहिक दावा लावला, २०१६ साली न्यायालयाने तो दाखल करून घेतला आणि जुलै २०१९ मध्ये सुमारे ५०० कोटी रँडच्या तडजोडीला मान्यता मिळाली. १९६५ पासून ह्या कंपन्यांच्या खाणींत काम केलेल्या सिलिकोसिस व क्षयाच्या रुग्णांना, आणि ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांना, भरपाई देण्यासाठी न्यास स्थापन झाला. अनेकांच्या बाबतीत दावा दाखल करण्याची वेळ वारसांवरच आली आहे.

आता दुसऱ्या अपराध्याकडे वळले पाहिजे. आणि डाव्या विचाराच्या कार्यकर्त्याने हा भाग टाळून पुढे जाऊ नये. १९९४ साली वर्णभेदी राजवट गेली आणि मुक्तिलढ्याचा पक्ष सत्तेवर आला. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले थाबो म्बेकी हे बुद्धिमान, व्यासंगी नेते. एड्सचे मूळ एचआयव्ही हा विषाणू आहे ह्याविषयीच त्यांनी शंका घेतली. दारिद्र्य हे खरे कारण आहे, पाश्चात्त्य औषधकंपन्या आपला विषारी माल आफ्रिकेच्या गळ्यात मारीत आहेत, असा युक्तिवाद मांडला गेला. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाचे गुण सांगत राहिल्या. ह्या धोरणामुळे २००० ते २००५ ह्या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव अकाली गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला.

येथे थांबून विचार करावा असे आहे. दारिद्र्य रोगाला आमंत्रण देते हे खरे. औषधकंपन्या नफेखोर आहेत हेही खरे. १९९८ साली ३९ कंपन्यांनी स्वस्त औषधांचा कायदा केला म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला न्यायालयात खेचले होते, ही काही कपोलकल्पित गोष्ट नव्हे. परंतु ह्या दोन सत्यांचा उपयोग आजारी माणसाला औषध नाकारण्यासाठी करण्यात आला. साम्राज्यवादविरोधाची भाषा गरिबाच्याच विरुद्ध वापरली गेली. ह्या भाषेची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी तिचा असाही उपयोग होऊ शकतो हे डोळ्यांआड करू नये.

डिसेंबर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ह्या संघटनेने ह्या पेचातून काढलेली वाट म्हणूनच अभ्यासण्यासारखी आहे. ३९ कंपन्यांच्या खटल्यात ही संघटना सरकारच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांना खटला मागे घ्यावा लागला. आणि लगेचच त्याच संघटनेने त्याच सरकारवर दावा लावला. २००२ साली घटना न्यायालयाने सरकारला आदेश दिला, की आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारे औषध सार्वजनिक रुग्णालयांतून उपलब्ध करून द्यावे. कंपनीशी लढताना सरकारची गय नाही आणि सरकारशी लढताना कंपनीची वकिली नाही, असा हा दुहेरी लढा. सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीची औषधे मिळू लागली ती २००४ पासून. तुगेला फेरीतील मृत्यू त्यानंतर लगेचचे आहेत. तोवर प्रतिकारशक्ती ढासळलेली माणसे हजारोंनी वॉर्डांत येऊन एकमेकांशेजारी झोपली होती.

तिसरा अपराधी माणूस नाही, एक हिशेब आहे. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्याच्या धोरणवर्तुळात असे मानले जाई, की औषधप्रतिरोधी क्षयावर गरीब देशांनी उपचार करणे परवडण्यासारखे नाही. तेवढ्या पैशात साध्या क्षयाचे कितीतरी रुग्ण बरे होतात. तेव्हा उपलब्ध साधने तिकडे वळवावीत. एचआयव्हीच्या बाबतीतही हाच हिशेब मांडला जाई. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पटावा असा हा युक्तिवाद आहे, आणि त्यातली चूकही त्याच पातळीची आहे. त्यात औषधाची किंमत ही पावसाच्या सरासरीसारखी निसर्गदत्त वस्तू म्हणून धरलेली आहे. एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरांच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. रसायने तीच होती. फरक एवढाच, की भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषध ह्या वस्तूवर पेटंट न देता ते बनविण्याच्या कृतीवरच दिले होते, आणि त्यामुळे येथे उद्योग उभा राहिला होता. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींमुळे २००५ साली तो कायदा बदलावा लागला. पेरूची राजधानी लिमाच्या झोपडपट्टीतही १९९६ पासून प्रतिरोधी क्षयाचे रुग्ण घरी ठेवून बरे करण्यात आले; २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत किमान चार महिने उपचार घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे झाले होते. परवडत नाही, हा निसर्गनियम नव्हता.

तुगेला फेरीनंतर काय झाले? काही गोष्टी साध्या होत्या. वॉर्डाच्या खिडक्या उघड्या ठेवणे, मुखपट्टी वापरणे, रुग्णाला विनाकारण दिवसेंदिवस रुग्णालयात न ठेवणे, लवकर तपासणी करणे, एचआयव्हीची औषधे लवकर देणे. अशा उपायांची जोड दिली तर त्या भागातील अतिप्रतिरोधी क्षयाचे जवळपास निम्मे रुग्ण टळू शकतील, असे गणित २००७ साली मांडण्यात आले. लिमाच्या आठ रुग्णालयांच्या पाहणीत उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा ह्या रोगासाठी अधिक सुरक्षित आढळल्या, हे आपल्याकडील बांधकाम खात्यांनीही वाचावे.

दुसरी गोष्ट दोन रांगांची. क्षयाचा दवाखाना वेगळा, एचआयव्हीचा वेगळा. कार्डे वेगळी, दिवस वेगळे, बसभाडे दोनदा. शिवाय कित्येक डॉक्टर आधी क्षय बरा करून मग एचआयव्हीची औषधे सुरू करीत. डर्बनमधील ६४२ रुग्णांच्या चाचणीत २०१० साली असे दिसले, की क्षयाचे उपचार चालू असतानाच एचआयव्हीची औषधे सुरू केल्यास मृत्यूचे प्रमाण ५६ टक्क्यांनी घटते. मात्र ही औषधे एकमेकांच्या पायांत येतात. एचआयव्हीवरील एफाविरेन्झ हे स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे औषध क्षयाच्या बेडाक्विलिन ह्या नव्या औषधाची रक्तातील मात्रा उतरवते. म्हणून दोन्ही रोग असलेल्याला ते बदलून द्यावे लागते. एका दवाखान्याने दिलेली गोळी दुसऱ्या दवाखान्याला ठाऊक नसेल तर काय होईल, ते सांगण्याची गरज नाही.

बेडाक्विलिनची कथा हा ह्या सगळ्याचा अर्क आहे. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. क्षयावर नव्या रचनेचे औषध सुमारे चाळीस वर्षांनी येत होते. त्याआधीचा उपचार दीड-दोन वर्षांचा, रोजच्या मूठभर गोळ्यांचा, आणि कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांचा. त्यांनी कित्येकांची श्रवणशक्ती कायमची जाई. दक्षिण आफ्रिकेतील १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ साली दिसले, की नेहमीच्या उपचारातील मृत्यू २४.८ टक्के, तर बेडाक्विलिन मिळालेल्यांतील १२.६ टक्के. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने इंजेक्शने बाजूला सारून हे औषध सर्वांना देण्याचा निर्णय घेतला. ह्या बाबतीत ते सरकार जगाच्या पुढे होते, हेही नोंदविले पाहिजे.

हे औषध शोधण्यात पैसा कोणाचा? २०२० च्या एका अभ्यासाने मूळ कंपनीचा खर्च ९ ते २४ कोटी डॉलर आणि निरनिराळ्या मार्गांनी आलेला सार्वजनिक पैसा ४५ ते ७५ कोटी डॉलरच्या दरम्यान धरला. मालकी मात्र जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीची. मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. म्हणून कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारावर भारतात वेगळे पेटंट मागितले. ते मिळते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २०१९ साली ह्या अर्जाला दोन तरुणींनी हरकत घेतली. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, दुसरी केप टाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील फुमेझा तिसिले. दोघी क्षयातून बचावलेल्या, आणि दोघींची श्रवणशक्ती उपचारांतच गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. सहा महिन्यांच्या मात्रेची किंमत जागतिक खरेदी यंत्रणेत २७२ डॉलर होती, ती त्याच वर्षी १३० डॉलरपर्यंत उतरली. भारतीय कंपन्यांना माल बनविण्याची वाट मोकळी झाली होती.

दक्षिण आफ्रिकेला मात्र त्यानंतरही त्याच कंपनीकडून दुपटीहून अधिक भावाने औषध घ्यावे लागले, कारण तेथे दुय्यम पेटंट आधीच मंजूर झालेले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने १३४ देशांत आपले पेटंट बजावणार नसल्याचे जाहीर केले आणि पुढे किंमतही कमी केली. औदार्याला चौकशीचा मुहूर्त लागला.

आज औषधप्रतिरोधी क्षयाचा उपचार सहा महिन्यांत होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये तशी शिफारस केली आणि एचआयव्ही असलेल्यांनाही तो लागू आहे. भारतानेही २०२४ साली तो स्वीकारला. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या एचआयव्ही कार्यक्रमाचा सुमारे सहावा हिस्सा अमेरिकेच्या पैशावर चालत होता. जानेवारी २०२५ मध्ये तो पैसा एका सहीनिशी रोखण्यात आला, आणि घरोघर जाऊन रुग्ण शोधणाऱ्या, औषध चालू आहे की नाही हे पाहणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. औषध मध्येच तुटले की विषाणू पुन्हा उसळतो आणि मागोमाग क्षय येतो. त्यावेळीही दोष रुग्णाच्याच माथी मारला जाईल. त्यातच बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू दक्षिण आफ्रिकेत आणि शेजारच्या देशांत आढळू लागले आहेत. २०१० पासून वापरात आलेले दोन तासांत निदान करणारे यंत्र रिफाम्पिसिनचा प्रतिरोध ओळखते. बेडाक्विलिनचा ओळखत नाही. जनुकवाचनाची नवी पद्धत मोठ्या प्रयोगशाळांपुरती आहे. तालुक्याच्या रुग्णालयातून आलेल्या नमुन्यासाठी अजूनही जंतू वाढवून पाहावे लागतात, आणि त्याला २००५ प्रमाणेच कित्येक आठवडे लागतात.